ग्रिटविकेनच्या गंजक्या 'डायस'ने महायुद्धात नेमकं केलं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमचं जहाज दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेनला थांबलं होतं. तिथे किनाऱ्याला टेकलेली 'डायस' नावाची गंजकी बोट दिसली. ही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी सुरुंग काढत होती, असं कुणी तरी सांगितलं. तुम्ही तिची नोंद शोधली, तर हाती चार ओळी आल्या: १९१४ मध्ये ताब्यात घेतली, शेटलंड, मग टाइन, १९१९ मध्ये सोडली. मासेमारी बोट नौदलात काय करणार, मधल्या चार-पाच वर्षांत तिने काय केलं, आपल्या मुंबईकडे असं काही झालं का आणि तिला इंग्लंडला परत न्यावी का, असे चार प्रश्न तुम्ही विचारलेत.

माझी नौदलातली बरीच वर्षं पाँडिचेरी वर्गातल्या, म्हणजे सोव्हिएत बनावटीच्या माइनस्वीपरवर, सुरुंग काढणाऱ्या जहाजावर, गेली. त्यामुळे उत्तर देताना डेकवरच्या माणसाच्या नजरेने देतो. आरमारी इतिहासकार कदाचित वेगळ्या क्रमाने सांगेल.

बोटीचं मूळ नाव 'व्हायोला'. इंग्लंडच्या हल बंदराजवळ बेव्हर्ली इथे कुक, वेल्टन अँड गेमेल यांच्या यार्डात १९०६ साली बांधलेली. तिथली नदी इतकी अरुंद, की बोटी नेहमीसारख्या गांडीकडून न सोडता आडव्याच पाण्यात ढकलत. लांबी सुमारे १०८ फूट, पोलादी सांगाडा, कोळशावर चालणारं वाफेचं इंजिन. मालक हलची हेलियर कंपनी. या कंपनीच्या बोटी एकेकट्या मासेमारी करत नसत. ताफाच्या ताफा उत्तर समुद्रात आठवडेच्या आठवडे राहायचा. पकडलेली मासळी पेट्यांत भरून, वल्ह्याच्या लहान होडीतून, चालत्या लाटांवर दुसऱ्या वेगवान बोटीवर चढवायची आणि ती बोट माल घेऊन लंडनच्या बाजाराकडे पळायची. या पेट्या चढवताना माणसं बुडायची, आणि हे नेहमीचंच होतं. नौदलाला पुढे जी माणसं मिळाली ती या कामातून तयार झालेली होती, एवढं लक्षात ठेवा.

आता मासेमारी बोटच का? १९०४ च्या रशिया-जपान युद्धात पोर्ट आर्थरसमोर सुरुंगांनी काय होतं ते सगळ्या जगाने पाहिलं. रशियाचं 'पेट्रोपावलोव्स्क' अ‍ॅडमिरल माकारोव्हसकट बुडालं. महिन्याभरात जपानच्या 'हात्सुसे' आणि 'याशिमा' या दोन मोठ्या युद्धनौका एकाच दिवशी गेल्या. चार पैशांचा गोळा कोट्यवधींचं जहाज खातो म्हटल्यावर ब्रिटिशांची झोप उडाली. लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड या अ‍ॅडमिरलने १९०७ मध्ये सुचवलं की सुरुंग काढायचं काम ट्रॉलरवाल्यांना, म्हणजे तळाशी जाळं ओढणाऱ्या बोटींच्या मच्छीमारांना, द्या. समुद्राच्या तळाशी जड वस्तू ओढत नेणं हा त्यांचा रोजचाच धंदा आहे. १९०८ मध्ये ग्रिम्सबीच्या 'अल्गोमा' आणि 'अँडीज' या दोन ट्रॉलरवर चाचणी झाली आणि म्हणणं पटलं. १९१० मध्ये राखीव नौदलात ट्रॉलरवाल्यांचा वेगळा विभाग निघाला. युद्ध सुरू झालं तेव्हा त्यात शंभराच्या आतच बोटी होत्या. ते संपेपर्यंत हजाराच्या वर ट्रॉलर नौदलाच्या कामाला लागले होते.

बेरेसफर्डचं म्हणणं किती अचूक होतं, हे डेकवर उभं राहिल्यावर कळतं. ट्रॉलरवर आधीच काय काय असतं बघा. वाफेवर चालणारी दणकट विंच. शेकडो वाव पोलादी वायर. ती वायर ताणाखाली असताना तिच्या रेषेत कधी उभं राहायचं नाही, हे अंगात मुरलेले खलाशी. मंद वेगात भरपूर ओढ देणारं इंजिन. जाळं कशात तरी अडकलं तर वायरच्या थरथरण्यावरून ओळखणारा तांडेल. नौदलाला हे सगळं नव्याने शिकवायला वर्षं लागली असती. तोफ बसवणं, रंग बदलणं आणि वायरलेस लावणं हे काही आठवड्यांचं काम.

त्या वेळची पद्धत अशी. दोन ट्रॉलर एकमेकांपासून साधारण साडेचारशे मीटरवर, समांतर चालायचे. दोघांच्या मध्ये एकच वायर पाण्यात झुलती. ती ठरलेल्या खोलीवर राहावी म्हणून प्रत्येक बोटीच्या मागे एक जड लाकडी, लोखंडी पट्ट्यांनी बांधलेला चौकटीसारखा ठोकळा सोडायचा. त्याला 'काइट' म्हणत, कारण पतंग वारा अंगावर घेऊन वर चढतो तसाच हा पाणी अंगावर घेऊन खाली जातो. सुरुंग तळाला ठेवलेल्या वजनाला दोराने बांधलेला, पृष्ठभागाच्या खाली तरंगत असतो. झुलती वायर त्या दोराला लागते, घासत जाते, दोर तुटतो आणि सुरुंग भसकन वर येतो. मग बंदुकीने गोळ्या घालून त्याला बुडवायचा किंवा उडवायचा. गोळी पत्र्यात भोक पाडून गेली तर पाणी शिरून तो गुपचूप बुडतो. शिंगाला लागली तर मात्र आकाशाला भिडणारा पाण्याचा खांब.

शिंगं म्हणजे काय तेही सांगतो. जर्मन सुरुंगाच्या गोळ्यावर शिशाच्या टोप्या असायच्या, आत काचेची नळी, नळीत आम्ल. जहाज घासलं की शिसं वाकतं, काच फुटते, आम्ल खाली उतरून कोरडी बॅटरी जिवंत होते आणि ठिणगी पडते. बॅटरी आधीपासून चार्ज ठेवावी लागत नाही, म्हणून हा सुरुंग वर्षानुवर्षं तसाच जिवंत राहतो. पोटात दीडशे किलोच्या आसपास स्फोटक. 'व्हायोला'सारख्या बोटीला एवढं म्हणजे फारच झालं. अशी बोट सुरुंगावर गेली की बहुतेक वेळा मिनिटभरात दिसेनाशी व्हायची.

इथेच या कामातली खरी अडचण येते आणि तुमच्या चार ओळींच्या नोंदीत ती कुठेच दिसणार नाही. सुरुंग शोधणाऱ्या बोटी स्वतः सुरुंगांच्या पट्ट्यात शिरल्याशिवाय वायर सुरुंगापर्यंत पोचतच नाही. पहिल्या जोडीपुढे साफ केलेलं पाणी नसतं. आणि ट्रॉलर हा बुडाने खोल, विशेषतः मागच्या बाजूला, कारण पंखा खोल पाण्यात राहायला हवा. म्हणून सगळा हिशेब भरती-ओहोटीवर. ईशान्य इंग्लंडमधल्या टाइन नदीच्या मुखाशी मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरपेक्षा जास्त वरखाली होते. समजा सुरुंग ओहोटीच्या पातळीखाली आठ फुटांवर आहे आणि बोट तेरा फूट खोल बसते. ओहोटीला गेलात तर थेट डोक्यावर. पूर्ण भरतीला तोच सुरुंग बावीस फुटांवर जातो आणि बोट नऊ फूट अंतर राखून वरून निघून जाते. सुरुंग मात्र दोराने बांधलेला, तो वर येऊ शकत नाही. म्हणून स्वीप, म्हणजे वायर ओढून पाणी साफ करणं, शक्यतो भरतीच्या आसपास करायचं. पण आगबोटींचा ताफा बाहेर पडायची वेळ पहाटेची आणि भरती दुपारची असली तर काय? तर पहाटेच जायचं. अशा पहाटे तांडेल काय मनात म्हणत असेल, ते कुठल्याच लॉगबुकात लिहिलेलं नसतं.

डिसेंबर १९१४ मध्ये याचा पहिला मोठा धडा मिळाला. जर्मन क्रूझरांनी १६ तारखेला स्कारबरो शहरावर तोफा डागल्या. सगळ्यांचं लक्ष त्या तोफांकडे होतं, तेवढ्यात 'कोलबर्ग' या क्रूझरने किनाऱ्यासमोर सुमारे शंभर सुरुंग टाकले. ट्रॉलर साफ करायला गेले. १९ तारखेला 'ओरिआंडा' गेली, नाताळच्या दिवशी 'नाइट हॉक'. तरी मार्ग उघडला.

'व्हायोला' तेव्हा या भागात नव्हती. सप्टेंबर १९१४ मध्ये ताब्यात घेतल्यावर तिला आधी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर पाठवलं होतं. तिकडचं काम गस्तीचं: उत्तर अटलांटिक आणि उत्तर समुद्र जिथे मिळतात त्या पाण्यात पाणबुड्यांवर नजर ठेवणं. कोकणात पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. शेटलंडच्या हिवाळ्यात, जेव्हा दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, या बोटींना अशी सुट्टी नव्हती. 'गस्त' या एका शब्दात दोन हिवाळे दडलेत.

त्या उत्तरेच्या पाण्याचं महत्त्व सांगणारी एक घटना आपल्या वाचकांना माहीत असलेल्या माणसाची आहे. लॉर्ड किचनर, हिंदुस्थानचे माजी सरसेनापती, लॉर्ड कर्झनशी ज्यांचं वाजलं ते. ५ जून १९१६ ला ते 'हॅम्पशायर' या क्रूझरने रशियाला निघाले. वादळामुळे जहाज स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांच्या पश्चिमेकडून नेलं. तो मार्ग आधी स्वीप केलेला नव्हता. आठवड्याभरापूर्वीच 'यू-७५' या पाणबुडीने तिथे सुरुंग सोडून ठेवले होते. जहाज अवघ्या पंधरा-वीस मिनिटांत बुडालं, किचनरसह सातशेहून अधिक माणसं गेली. एका संध्याकाळी एका पट्ट्यात स्वीप झालं नाही त्याची ही किंमत. उलट ज्या हजारो दिवशी स्वीप झालं, त्या दिवसांची बातमी झाली नाही. माइनस्वीपरच्या नोंदी म्हणूनच इतक्या कोरड्या असतात. 'मार्ग स्वीप केला, काही आढळलं नाही' या ओळीचा अर्थ त्या दिवशी काम फुकट गेलं असा होत नाही. त्या दिवशी बंदर उघडं राहिलं असा होतो. मी स्वतः अशा ओळी भरपूर लिहिल्यात आणि वरिष्ठांना त्या कंटाळवाण्या वाटायच्या हेही मला माहीत आहे.

१९१६ मध्ये 'व्हायोला' टाइनवर आली. टाइन म्हणजे कोळसा, आणि कोळसा म्हणजे लंडनच्या चुली, गिरण्या, गॅस. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत बोयांनी, म्हणजे तरंगत्या खुणांनी, आखलेला एक अरुंद मार्ग रोज साफ ठेवला जायचा आणि कोळशाच्या बोटी त्यातूनच जायच्या. जर्मनांनाही हे ठाऊक. १९१५ पासून त्यांनी सुरुंग टाकणाऱ्या छोट्या पाणबुड्या काढल्या. आधीच्या वर्गात बारा सुरुंग मावायचे, नंतरच्यात अठरा. रात्री यायचं, बोयांजवळ माल टाकायचा, पसार व्हायचं. म्हणजे काल साफ केलेला मार्ग आज साफ आहे असं कधीच धरता येत नाही. झाडू मारणाऱ्याला जसं कुणी 'काल मारला होता ना' म्हणत नाही, तसं.

शेवटच्या वर्षात 'व्हायोला' फक्त झाडूवाली राहिली नव्हती. तिच्यावर तोफ होती, पाण्याखाली फुटणारे डेप्थ चार्ज होते आणि पाणबुडीचा आवाज ऐकायचं हायड्रोफोन होतं. त्या काळचं हायड्रोफोन म्हणजे इंजिन बंद करायचं, यंत्र पाण्यात सोडायचं आणि कान देऊन बसायचं. इंजिन चालू असताना स्वतःचाच आवाज ऐकू येतो. आणि इंजिन बंद करून उभी राहिलेली बोट हे पाणबुडीला आयतं सावज.

तुमच्या चार ओळींत नसलेल्या दोन तारखा इथे येतात. १३ ऑगस्ट १९१८ ला व्हिटबीजवळ 'जॉन गिलमन' या ट्रॉलरने 'यूबी-३०' पाणबुडीला टक्कर मारली आणि वर डेप्थ चार्ज टाकले. काही वेळाने पाणबुडी वर यायला बघत होती तेव्हा 'व्हायोला' आणि जोडीच्या ट्रॉलरनी तोफा आणि डेप्थ चार्ज चालवले. पाणबुडीतलं कुणीही वाचलं नाही. दुसरी तारीख २९ सप्टेंबर. नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्याबाहेर 'आर-२९' या गॅसवर तरंगणाऱ्या हवाई जहाजाला (एअरशिप) पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. त्याने बॉम्ब टाकले, 'औस' आणि 'स्टार' या विनाशिका धावल्या, ट्रॉलर आले, त्यात 'व्हायोला'ही होती. 'यूबी-११५' तिथेच राहिली. शत्रूशी प्रत्यक्ष गाठ पडलेलं ब्रिटनचं ते एकमेव ताठ सांगाड्याचं हवाई जहाज मानलं जातं, म्हणून बहुतेक वर्णनांत सगळं श्रेय आकाशाकडे जातं आणि ट्रॉलर तळटीपेत. मला हे पटत नाही. तवंग दिसणं वेगळं, त्या तवंगाखाली पाणबुडी अडकवून ठेवणं वेगळं.

ट्रॉलरवाल्यांना न्याय कमीच मिळालाय, याचं जास्त वाईट उदाहरण दार्दानेल्सचं. मार्च १९१५ मध्ये ग्रिम्सबीसारख्या बंदरांतले हेच मच्छीमार तुर्कस्तानच्या त्या सामुद्रधुनीत सुरुंग काढायला पाठवले. त्यांना ते जमलं नाही, आणि 'मच्छीमार घाबरले' हे वाक्य अजूनही लिहिलं जातं. आकडे बघा. काइट आणि वायर ओढत ट्रॉलर पाच-सहा नॉट करतो. समोरून तीन-चार नॉटचा प्रवाह. म्हणजे जमिनीच्या हिशेबाने दोन नॉट, माणूस रमतगमत चालतो त्याहून कमी वेग. वर सर्चलाइट, दोन्ही काठांवर तोफा. एवढ्या वेगाने तोफेसमोरून कुणीही जाऊन दाखवावं. १८ मार्चला मोठ्या युद्धनौका आत गेल्या आणि 'नुसरत' या लहानशा तुर्की बोटीने टाकलेल्या सव्वीस सुरुंगांनी 'बूवे', 'इर्रेझिस्टिबल' आणि 'ओशन' यांचा निकाल लावला. दोष वायर ओढणाऱ्यांचा नव्हता, त्यांना तिथे त्या बोटींत पाठवणाऱ्यांचा होता.

आता मुंबईचं. होय, झालं होतं, आणि ते पाणबुडीने नव्हे. 'वोल्फ' नावाचं जर्मन छुपं युद्धजहाज, वरून साधं मालवाहू दिसणारं, नोव्हेंबर १९१६ मध्ये जर्मनीहून निघालं. कप्तान कार्ल नेर्गर. त्याने दक्षिण आफ्रिकेसमोर सुरुंग टाकले, मग कोलंबोसमोर आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईसमोर. इथून पुढची गंमत म्हणजे सुरुंग चार महिने गप्प बसले आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर बोलले. जूनमध्ये 'क्रॉक्सटेथ हॉल' बुडालं, आणि २३ जूनला पी अँड ओ कंपनीचं 'मंगोलिया' हे टपाल-प्रवासी जहाज. ते ऑस्ट्रेलियाकडे निघालेलं होतं. 'वोल्फ' तोवर पार दुसऱ्या महासागरात पोचलं होतं. वर दीडशे किलोच्या सुरुंगाची बॅटरी कोरडी राहते असं म्हटलं, त्याचा अर्थ हा. पावसाळी अरबी समुद्रात दोन बोटी समांतर ठेवून मध्ये वायर ओढत स्वीप करणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. आमच्या बोटी कितीतरी मोठ्या होत्या तरी नैऋत्येच्या वाऱ्यात स्वीप गुंडाळून परत येण्याचे हुकूम आम्ही आनंदाने पाळलेत.

युद्धानंतर 'व्हायोला' नॉर्वेत विकली गेली. आधी 'कापदुएन', मग 'डायस' हे नाव लागलं आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिने देवमाशांच्या शिकारीत काम केलं. १९२७ मध्ये अर्जेंटिनाची पेस्का कंपनी तिला ग्रिटविकेनला घेऊन गेली, हत्ती-सीलच्या शिकारीसाठी. अधूनमधून ती अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण ऑर्कनी बेटांवरच्या अर्जेंटिनाच्या हवामान केंद्रालाही रसद पोचवायची. देवमाशांचं स्टेशन बंद झाल्यावर बांधून ठेवलेली बोट १९७४ मध्ये बर्फाच्या भाराने धक्क्याशीच बुडाली. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिशांनी ग्रिटविकेन परत घेतलं तेव्हा ही एका जुन्या युद्धाची बोट तिथेच तळाला बसलेली होती. २००४ मध्ये परिसर साफ करताना तिला उचललं, आणि तुम्ही पाहिलीत ती त्यानंतरची. मूळ वाफेचं इंजिन अजून जागेवर आहे. तसं असलेला ती जगातला सर्वांत जुना ट्रॉलर मानतात.

पुढे शोधायचं असेल तर एक सूचना. नुसत्या नावाने शोधू नका. नौदलाने एवढ्या मासेमारी बोटी घेतल्या की एकाच नावाच्या तीन-तीन निघाल्या आणि नावापुढे आकडे लावावे लागले. बंदराची नोंदणी धरा. 'व्हायोला'ची हलची नोंदणी एच-८६८. आणि माणसं शोधत असाल तर हुद्दा बघा: 'स्किपर', 'सेकंड हँड', 'ट्रिमर' असे शब्द दिसले की ती ट्रॉलर विभागातली. नेहमीच्या नौदलात सेकंड हँड किंवा ट्रिमर असा हुद्दाच नसतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तिला हलला परत न्यावी का. तिथले लोक बरीच वर्षं त्यासाठी झटतायत. तिची जुनी घंटा नॉर्वेतल्या एका शेतावर सापडली आणि हलला पोचलीही. माझं मत न्यावी असं आहे, पण ओढून नाही. शंभरी ओलांडलेले पत्रे, त्यातली तीस वर्षं समुद्राच्या तळाशी, आणि वाटेत सगळा अटलांटिक. दोरीने ओढायला घेतली तर पहिल्या मोठ्या लाटेला रिबीट सुटतील. मोठ्या वाहक जहाजाच्या डेकवर चढवून, खाली पाळणा बांधून न्यायला हवी. ते महाग आहे. तोवर कुणी ग्रिटविकेनला जाणार असेल तर बोटीच्या बाहेरून फोटो काढू द्या, पण आत चढू देऊ नका. खालचे डेक कुजलेले असतात आणि वरून ते कधीच ओळखू येत नाही.